दुसऱ्या चंद्राचे नाव

श्रावण शुद्ध तृतीया, शके १९०८. अंबरनाथ.

पोथीचा अध्याय संपवून उठतो तोच आमची सून सुनंदा समोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मला थोडी नावं हवी आहेत."

मी सहज विचारले, कोणाकडे पाळणा हलला?

"पाळणा नाही. एक ग्रह आहे."

पुढे खुलासा झाला तो असा. सुनंदा येथील एका रसायनांच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने फावल्या वेळात एक विज्ञानकथा रचली आहे. काही कुटुंबे पृथ्वी सोडून फार दूरच्या एका ग्रहावर राहावयास जातात, असा विषय. उल्हासनगरात कॅम्प तीनमध्ये होतचंद शेठ यांचा छापखाना आहे. ते एरवी लग्नपत्रिका व बिलबुके छापतात. यंदा मराठी दिवाळी अंक काढीत आहेत आणि तिची कथा घेण्यास तयार आहेत. तिचे हे पहिलेच छापील लेखन. परंतु नावांच्या ठिकाणी तिने सर्वत्र रेघा मारून ठेविल्या आहेत. ग्रहास नाव नाही, कप्तानास नाही, यंत्रमानवास नाही. त्या ग्रहाला दोन चंद्र, तेही अनामिक.

मी शाळेत संस्कृत शिकविले आणि त्याच्या जोडीला गावची बारशी सांभाळली. ज्यांची नावे मी ठेविली ती मुले आता स्वतःच्या मुलांची नावे विचारण्यास येतात. चाळीस वर्षांत माझे एकही नाव परत आलेले नाही. मी सुनंदेस शब्द दिला, नावे मी देईन, मात्र ती शास्त्रोक्त असतील.

माई शेजारी तांदूळ निवडीत होती. (आमच्या कुटुंबास घरदार माई म्हणते, मीही येथे तेच लिहितो.) ती म्हणाली, "अहो, आधी विचारा तरी तिला कसली हवीत."

ज्याचा त्याचा विषय असतो, हे तिला पुन्हा एकदा सांगावे लागले.

श्रावण शुद्ध सप्तमी

यंत्रमानवाचा प्रश्न सोडविला. ज्यास गर्भवास नाही त्यास नामकरणाचा अधिकार आहे काय, यावर दोन दिवस विचार केला. घरातील देवाच्या मूर्तीसही गर्भवास नसतो, तरी आपण तीस नावाने हाक मारतो. तेव्हा हरकत नसावी. मग जन्मवेळेचा प्रश्न आला. मी सुनंदेस विचारले, हा यंत्रपुरुष प्रथम केव्हा चालू झाला?

ती म्हणाली, "कथेत तसं काही नाही बाबा. मी त्याच्यावर लिहायला लागले ते रविवारी दुपारी."

पंचांग पाहिले. हस्त नक्षत्र, तृतीय चरण. अक्षर 'ण'. या अक्षरावरून नाव ठेवण्याचा प्रसंग मजवर आजवर आला नव्हता.

आमचा गुरुदत्त, म्हणजे सुनंदेचा नवरा, कारखान्यातून नुकताच येऊन चहा पीत होता. तो म्हणाला, "मग त्याला संध्याकाळी चालू करा. वीज गेली होती म्हणायचं. आपल्याकडे कोणी शंका घेणार नाही."

संध्याकाळ धरल्यास चतुर्थ चरण येतो. अक्षर 'ठ'. बराच शोध घेऊन 'ठकसेन' काढले. परंतु पात्र अत्यंत प्रामाणिक असल्याने मी ते मागे घेत होतो. सुनंदेने मात्र आनंदाने लिहून घेतले. नाव मान्य झाले, एवढे समाधान.

श्रावण वद्य द्वितीया

सुनंदेने आज कथा वाचून दाखविली. प्रसंग रंगविण्याची हातोटी तिला आहे. त्या ग्रहावर एक वृद्ध गृहस्थ बसलेले असतात. यानातून उतरणाऱ्या प्रत्येकास ते जवळ बोलावतात, तांबड्या धुळीत बोटाने एक नवे नाव लिहितात आणि म्हणतात, आजपासून हे तुझे. जुने कोणते होते, हे ते कोणालाही विचारीत नाहीत. पात्र मला फार भावले. प्रेमळ, विद्वान, शिस्तप्रिय. फक्त एक कळले नाही. रांगेतील स्त्रिया पुढे सरकताना आपले जुने नाव पुटपुटत राहतात, ते कशासाठी? मी सुनंदेस म्हटले, ते वाक्य काढून टाक, वृद्धाचा अवमान होतो.

"राहू दे बाबा," ती म्हणाली.

नंतर चंद्र घेतले. चंद्र ही पुरुषदेवता आहे, हे मी प्रथम स्पष्ट केले. ती म्हणाली, "तिथले चंद्र बायका आहेत, बाबा. दोघी बहिणी." बरे. थोरलीस 'कौमुदी' सुचविले, लगेच मान्य. धाकटी लहान आहे, ओबडधोबड आहे, उशिरा उगवते आणि बहुतेक काळ थोरलीच्या मागे असते. हिच्यासाठी ज्योत्स्निका वगैरे अकरा नावे सांगितली. सुनंदा प्रत्येकास मान हलवी आणि लिही मात्र काहीच ना.

तोच स्वयंपाकघरातून माई म्हणाली, "विठा ठेव."

मी हसलो. आकाशस्थ गोलकास विठा? माई पदराला हात पुशीत दारात आली आणि पुन्हा म्हणाली, "विठा ठेव गं तिचं नाव. कामाची वाटते बिचारी."

सुनंदेने तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि रेघेवर विठा लिहिले. दोघींनी मिळून माझी थट्टा आरंभिली असावी.

श्रावण वद्य चतुर्थी, संकष्टी

देवळाच्या ओट्यावर आज मी प्रश्न मांडला. जेथे दोन चंद्र आहेत तेथे संकष्टीचा उपवास कोणत्या चंद्रोदयास सोडावा? बराच खल झाला. एकाने थोरल्याचा पक्ष घेतला, दुसऱ्याने दोन्ही उगवेपर्यंत थांबावे असे सांगितले. तिसऱ्यास मधुमेह आहे. त्याने जो आधी दिसेल तो घ्यावा असे आग्रहाने मांडले. निर्णय झाला नाही.

घरी येऊन माईस सहज सांगितले. तिने क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले. "मोठी उगवली की तुम्ही जेवा. धाकटीची वाट मी बघेन."

तोडगा व्यवहार्य आहे. शास्त्राधार मात्र सापडत नाही.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशी

सुनंदेसमवेत शेअर रिक्षाने कॅम्प तीनला जाऊन आलो. एका बाजूस जीन्स शिवणाऱ्यांची यंत्रे, दुसऱ्या बाजूस गुंड्या-चेनचे दुकान, आणि मध्ये होतचंद शेठचा छापखाना. गृहस्थ अगत्यशील. मला गादीवर बसविले, सरबत मागविले.

"साईं, कहानी एक नंबर," ते म्हणाले. "बस, ग्रहाचं नाव मी सुचवतो. रूपसागर."

मी थक्क झालो. रूपाचा सागर! पाच अक्षरी, श्रवणमधुर, अर्थगर्भ. व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाची ही रसिकता. मी तत्काळ संमती दिली. सुनंदा काही बोलू पाहत होती, शेठ तिला हळूच म्हणाले, "भाभी, फुल पेज आहे." कथेस पूर्ण पृष्ठाचे चित्र देणार असावेत.

कप्तानासाठी मी योजिलेले नाव 'श्रीप्रद्युम्नध्वज'. शेठनी अक्षरे जुळविणाऱ्या जुळाऱ्यास हाक मारली. त्याने कागद पाहिला, शिशाच्या अक्षरांच्या खिळ्यांची पेटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. एवढी जोडाक्षरे त्यांच्याकडे एका पानापुरतीच आहेत, आणि कप्तान प्रत्येक पानावर बोलतो.

"पंडितजी, याला एखाद्या लढाईत मारून टाका ना, पहिल्याच पानावर," शेठ म्हणाले.

निर्णय पुढे ढकलला.

"आणि हे विठा? हे बेस्ट. दोन खिळ्यांत काम." शेठनी विचारले, "भाभी, लेखिकेचं नाव काय टाकू?"

सुनंदा म्हणाली, "अंजना."

टोपणनाव घेण्याची लेखकांत प्रथाच आहे. अंजना म्हणजे हनुमंताची माता, निवड उत्तम. तिला हे कोठून सुचले, हे रात्री गुरुदत्तास विचारले तेव्हा त्यास ठसका लागला.

भाद्रपद वद्य तृतीया

होतचंद शेठ स्कूटरवरून घरी आले. कप्तानाच्या नावावाचून पहिले पान अडले आहे. मी सांगितले की पितृपक्ष चालू आहे. या पंधरवड्यात नवे नामकरण होणार नाही.

"साईं, माझे जुळारी हात बांधून बसलेत. त्या ग्रहावर कोण मेलंय?"

मी म्हटले, ग्रह नवा असला तरी तेथे गेलेल्यांचे पितर येथलेच आहेत. ते यानात बसून गेले नाहीत.

शेठनी हातातली स्कूटरची किल्ली खिशात ठेविली. म्हणाले, "बरोबर आहे. आमचे तर सिंधमध्येच राहिले." मग चहा घेतला आणि आपल्या वडिलांच्या श्राद्धाची तिथी माझ्याकडून काढून घेतली.

तोडगा सुनंदेने काढला. कप्तानास पृथ्वीवरचे नाव असतेच. नवे ठेवण्याचा प्रश्नच नाही. त्याचे नाव आनंदा. जुळाऱ्याने म्हणे नारळ फोडला.

आश्विन शुद्ध प्रतिपदा, घटस्थापना

पितृपक्ष संपला. आज शुभमुहूर्तावर मी एकटाच कॅम्प तीनला गेलो आणि धाकट्या चंद्राचे नाव बदलून आलो.

मन स्वस्थ नव्हते. शास्त्र सांगते की पुरुषाचे नाव समाक्षरी असावे, स्त्रीचे विषमाक्षरी. कौमुदी, तीन. विठा, दोन. उद्या कोणी जाणकार अंक वाचील आणि म्हणेल, ही नावे विष्णुपंतांनी दिली? 'हिरण्यप्रभा' हे पाच अक्षरांचे, तेजस्वी व निर्दोष नाव मी लिहून दिले. शेठ म्हणाले, "भाभीला माहीत आहे ना?" मी म्हटले, नामकरण हा माझा विषय आहे.

रात्री जेवताना सर्वांस सांगितले. सुनंदेच्या हातातला घास तसाच राहिला. ती म्हणाली, "बाबा, ते नाव माझं नव्हतं. ते माईंनी दिलं होतं."

मी विषमाक्षरांचा नियम विस्ताराने समजावून सांगितला. माई वाढीत होती. ती म्हणाली, "आणि रमा?"

मी विचारले, "कोण रमा?"

गुरुदत्त ताटाकडे पाहू लागला. मग लक्षात आले. रमा हे माईचेच नाव. लग्नात मीच ते ताम्हणातल्या तांदळांत अंगठीने लिहिले होते. वापर नसल्याने एकदम स्मरले नाही. ते दोन अक्षरी आहे हे खरे. परंतु मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि शास्त्राध्ययन अपुरे होते.

हे मी सांगितले. माईने भात वाढला.

आश्विन शुद्ध पंचमी

माई बोलते, सर्व वेळच्या वेळी देते, औषधाचीही आठवण करते. तक्रारीस जागा नाही. मात्र कथेचा विषय निघाला की उठून जाते. एका कल्पित गोलकाच्या नावावरून कोणी इतके मनास लावून घ्यावे, याचे आश्चर्य वाटते. ती गोलकास कधी पाहणारही नाही.

सुनंदेस म्हटले, तू तरी तिची समजूत घाल. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माईंना विचारलंत का, त्यांना ते नाव कुठून सुचलं?"

विचारण्यासारखे त्यात काय आहे, ते समजले नाही.

आश्विन शुद्ध अष्टमी

आज माईच्या थोरल्या भगिनी कौसाबाई आल्या. आयुष्य कराडकडे गेले. आता त्यांच्या मुलाने बदलापुरास घर घेतले म्हणून इकडे आल्या आहेत. वय ऐंशीच्या पुढे. लग्नानंतर आमच्या घरी त्या प्रथमच येत होत्या. कानांनी अगदी कमी ऐकू येते, त्यामुळे त्या स्वतः फार मोठ्याने बोलतात.

मी जप करीत होतो. जिन्यावरून आवाज आला, "विठे! अगं विठे, दार उघड, गुडघे गेले माझे!"

शेजारच्या दोन घरांची दारे उघडली. माई स्वयंपाकघरातून जवळजवळ धावत गेली. या वयात ती धावू शकते, हे मला ठाऊक नव्हते.

दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या. "विठे, किती वाळलीस गं," कौसाबाई ओरडल्या, आणि माई, एवढी म्हातारी बाई, एखाद्या परकरी मुलीसारखी हसत राहिली.

जेवताना मी कौसाबाईंना मोठ्याने विचारले की पत्रिकेत तर यांचे नाव रेवती होते.

"ते पत्रिकेतलं हो," त्या म्हणाल्या. "आधीची दोन मुलं राहिली नव्हती. आजीनं विठोबाला नवस बोलला, तेव्हा ही वाचली. पाळण्यात विठाच ठेवलं. वडील तर मरेपर्यंत विचारत होते, विठा कशी आहे म्हणून. तुम्ही नाही का हाक मारत विठा म्हणून?"

सुनंदेने मला आणखी कढी हवी का विचारले. मी हो म्हटले. माझ्या वाटीत कढी होती.

कौसाबाई गेल्यावर मी माईस विचारले, "तू कधी सांगितले नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही." रागाने नव्हे. तांदूळ किती लावू, अशा आवाजात.

आश्विन शुद्ध नवमी

सकाळी पोथी न वाचता कॅम्प तीनला गेलो. त्याचे कारण येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही.

छापखान्यात यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, हळदकुंकू लावले होते, पेढे चालले होते. मी शेठना सांगितले की हिरण्यप्रभा काढून विठा घालावयाचे आहे, आत्ता.

"साईं, आज पूजा आहे. मशीनला हात नाही." मी विनविले, तेव्हा ते म्हणाले, "तुमचा पितृपक्ष मी पाळला. आता माझी पूजा तुम्ही पाळा."

पुढे कळले ते अधिक कठीण. कथेचे पहिले दोन फर्मे, म्हणजे एका तावावर एकदम छापावयाच्या पानांचे संच, छापून झाले आहेत आणि त्यांत सर्वत्र हिरण्यप्रभा आहे. पुन्हा छापण्यास कागद उरलेला नाही. शेवटचा फर्मा तेवढा जुळवायचा राहिला आहे.

"अर्ध्या कहानीत एक नाव, अर्ध्यात दुसरं? वाचणारा म्हणेल तिसरा चंद्र आला," शेठ म्हणाले.

मी यंत्रासमोर बराच वेळ बसून राहिलो. कोणीतरी हातावर पेढा ठेवला. मग एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर एक वाक्य लिहिले आणि जुळाऱ्यास सांगितले, शेवटच्या फर्म्याचा आरंभ याने कर, आणि येथून पुढे विठाच घाल. वाक्य असे:

'हिरण्यप्रभा हे तिचे नकाशावरचे नाव होते. परंतु तिला आधीपासून ओळखणारी माणसे तिला विठा म्हणत, आणि ती त्याच हाकेला ओ देई.'

जुळाऱ्याने वाचले आणि प्रथमच माझ्याकडे पाहून हसला. बहुधा जोडाक्षरे कमी झाल्यामुळे असेल.

घरी येऊन सुनंदेस सांगितले की तिच्या कथेत तिला न विचारता मी एक वाक्य घातले आहे. वाक्य म्हणून दाखविले तेव्हा तिने ते दोनदा म्हणावयास लावले. मग म्हणाली, "बाबा, राहू दे. कथेतलं सगळ्यांत चांगलं वाक्य तेच आहे. पण पुन्हा करू नका."

मी शब्द दिला. मग तिच्या टोपणनावाविषयी विचारले.

"ते टोपणनाव नाही," ती म्हणाली.

लग्नात तिचे सुनंदा हे नाव मीच काढून दिले होते. चाळीस वर्षांत प्रथमच माझी नावे परत येत आहेत. आणि एकामागोमाग एक.

आश्विन वद्य चतुर्थी, संकष्टी

अंक आला. लेखिका: अंजना. सुनंदेने तो प्रथम देवापुढे ठेविला, मग माईच्या हाती दिला. गुरुदत्त कारखान्यात वाटण्यासाठी दहा प्रती घेऊन गेला. ठकसेनाचे संवाद लोकांस आवडतील असे त्याचे मत आहे.

कथेच्या पहिल्या पानासमोर चित्र नाही. एक पूर्ण पृष्ठ जाहिरात आहे. कॅम्प दोनमध्ये रूपसागर नावाचे साड्यांचे दुकान आहे, असे तीवरून कळले. योगायोग चमत्कारिक आहे. सणानिमित्त प्रत्येक साडीवर ब्लाऊजपीस मोफत आहे.

माई दुपारभर चष्मा लावून वाचीत बसली. शेवटच्या भागाशी आली तेव्हा तिचे बोट एका ओळीवर थांबले आणि बराच वेळ तेथेच राहिले. मी पोथी उघडून बसलो होतो. माझेही पान उलटले नव्हते.

सायंकाळी सुनंदा व गुरुदत्त होतचंद शेठना पेढे देण्यास गेले. मी अर्घ्याचे पाणी घेऊन गच्चीत उभा राहिलो. कारखान्यांच्या धुरामागून चंद्र वर आला. एकच होता.

आतून माईने विचारले, "उगवला का हो?"

"मोठी उगवली," मी म्हणालो.

"मग बसा. वाढते."

मी अर्घ्य दिले, आत आलो, पाटावर बसलो. तिने एकच ताट मांडले होते, नेहमीसारखे. मी हात आवरून बसून राहिलो.

"जेवा की. भूक लागली असेल."

"धाकटी यायची आहे," मी म्हणालो. "विठा, तूही ताट घे."

स्वयंपाकघरातला पळीचा आवाज थांबला. मग फडताळ उघडल्याचा, आणि दुसरे ताट काढल्याचा आवाज आला.

"दोनच अक्षरं आहेत हो," ती आतून म्हणाली.

मी शास्त्राचा सर्व बाजूंनी विचार केला आणि म्हणालो, "चालतील."